निळ्या कड्यांचा ऑक्टोपस

कोरियातल्या जेजू बेटावरच्या आमच्या खाडीत पाणबुड्या बायकांना बुडी मारायला शिकवलं ते माझ्या सासूबाईंनीच. त्या दिवशी ओहोटीला त्यांनी खडकातल्या डबक्यातून इवलासा ऑक्टोपस उचलला आणि माझ्या लेकीपुढे, बोरापुढे धरला. "घे गं, काही करत नाही. तुझा बाप यांच्याशीच खेळत मोठा झालाय."

त्याच्या अंगावर निळी कडी चमकली. मी धावत जाऊन सासूबाईंच्या हातावर फटका मारला.

"विषारी आहे तो! चावला तर माणूस मरतो. पाणी तापल्यापासून दक्षिणेकडून इकडे यायला लागलेत हे. धक्क्यावर सूचना लावलीय, तेवढंही कळत नाही तुम्हाला?"

"सूनबाई, सासूला शाळेत घाल आता," शेजारच्या पाणबुड्यांतली कुणीतरी म्हणाली. बायका हसल्या. सासूबाईही हसल्या.

मी खोटं काहीच बोलले नव्हते. तरी घरी जेवताना मला मान वर करवेना.

पुढच्या ओहोटीला सासूबाई आल्या, पण हात पाठीमागे धरून. जन्मभर ज्या समुद्री गोगलगाई वेचून विकल्या, तसल्याच एकीपाशी वाकल्या आणि बोराला हळूच म्हणाल्या,

"बाळा, आईला विचार ना, ही धरली तर चालेल का?"