खडकीचं मटण

त्या रविवारी मीरासाहेबांच्या दारात सातांऐवजी दोनच डबे आले.

मीरासाहेबांनी सायकलच्या हँडलवरची पिशवी काढली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत नजर टाकली. आणखी कोणी येत नव्हतं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तीन वर्षांपूर्वी ते सोलापूर शहरातून फिटर म्हणून इथे आले. मुसलमानांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. मशीद देहूरोडला आणि हलाल मटण खडकीला, हा शोध त्यांनी एकट्याने लावला होता. मग जो नवा माणूस कामाला लागे, तो आधी त्यांचं दार विचारत येई. दर रविवारी सकाळी ते खडकीला जात, अजीजच्या दुकानातून सात घरांचं मटण आणत आणि आपल्या हाताने वाटत. मीरासाहेब नसते तर आम्ही डाळीवरच दिवस काढले असते, असं बायका म्हणत, आणि तेवढ्याने त्यांचा दहाबारा मैलांचा शीण उतरे. खरं सांगायचं तर मटणापेक्षा त्यांना हे वाक्यच जास्त गोड लागे.

आता मध्येच हनीफ उपटला होता. साताऱ्याकडच्या खेड्यातला, पंचविशीचा वायरमन. येऊन महिना झाला नाही तोच त्याने मुकादम अर्जुनरावांना विचारलं, तुमच्या गावात बकरं कापतं कोण? अर्जुनराव नदीपलीकडच्या पिंपळे सौदागरचे. ते म्हणाले, मुलाणी कापतो, दुसरं कोण कापणार? मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय त्यांच्या गावात कोणी मटण तोंडाला लावत नसे, मग तो मराठा असो की माळी. पिढ्यान्पिढ्यांची चाल होती ती. खेड्यातल्या हनीफला हे जन्मापासून ठाऊक. मीरासाहेब शहरात वाढलेले. नदीपलीकडे अख्खं गाव हलाल खातंय, याचा त्यांना तीन वर्षं पत्ताच नव्हता. सातातली पाच घरं हनीफच्या मागे गेली.

मीरासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराचं सगळंच त्यांना सलू लागलं. त्याचं हसणं सलू लागलं, त्याने शेजाऱ्यांना फुकट बसवून दिलेले दिवे सलू लागले. एकदा त्यांची बायको खैरुन्निसा सहज म्हणाली, की नदीपलीकडचं मटण ताजं दिसतं हो. त्या दिवशी मीरासाहेब जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी कारखान्याच्या फाटकाशी चारचौघांसमोर हनीफला गाठलं. खेड्यातले मुलाणी नावाचेच मुसलमान, त्यांना ना नमाज ना रोजा, त्यांच्या हातचं कसलं हलाल, असं त्यांनी ठणकावलं. येत्या रविवारी आपण स्वतः त्या मुलाण्याची परीक्षा घेणार. तो उतरला तर आपण मटण वाटणं सोडू. नाही उतरला, तर हनीफने पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. हनीफ बरं म्हणाला, आणि तेही हसून.

रविवारी उजाडता उजाडता मीरासाहेब, हनीफ आणि अर्जुनराव पिंपळे सौदागरला पोचले. बाबालाल मुलाणी सत्तरीचा होता. पहाटेचं काम उरकून तो सुरी धूत होता. मागे छपरात सोललेली बकरी टांगलेली होती. मीरासाहेबांनी पहिला कलमा विचारला, म्हाताऱ्याने तो म्हटला. दुसरा, तिसराही म्हटला. चौथ्याला अडखळला, पण कसाबसा पार झाला. पाचव्याला मात्र गप्प बसला. हा पाचवा खुद्द मीरासाहेबांनी आदल्या दिवशी पुस्तकात बघून घोकला होता, पण ते कोणाला सांगायची गरज नव्हती.

"अल्लाचं नाव घिऊन सुरी फिरवायची, येवढं मला ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "म्होरलं आज्यानं शिकवलंच न्हाई."

हनीफ म्हणाला, तेवढंच लागतं. पण मीरासाहेब आता थांबणार नव्हते.

"अर्जुनराव, तुम्ही साक्षीला आहात," ते म्हणाले. "या हाताने कापलेलं माझ्या घरात हराम. आणि ज्यांनी ज्यांनी ते आजवर खाल्लं, त्यांनी तोबा करावी."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. हनीफचं हसणं पहिल्यांदाच मावळलं, आणि ते बघून मीरासाहेबांच्या काळजात गार गार वाटलं. पुढच्या रविवारपासून सात डबे पुन्हा आपल्याच दारात येणार होते.

इतक्यात वाटेवर एक टांगा थांबला. उतरलेल्या माणसाने म्हाताऱ्याला सलाम केला, छपरात शिरून टांगलेली बकरी खांद्यावर घेतली आणि एकेक करून टांग्यात ठेवली. शेवटचं ठेवून तो वळला. तो खडकीचा अजीज होता. मीरासाहेबांना बघून तो मनापासून खूश झाला.

"मीरासाहेब, आज हितवरच आलात? लई बरं केलंत. तीन वर्षं झाली, दर आयतवारी मी चाचांनी कापलेलं हितनं खडकीला न्यायचं, अन् तुमी ते खडकीवरनं परत हिकडं आणायचं. आज तुमचा वाटा हितंच तोडून देऊ?"