उपयोगाची खूण

उद्या निहारचा व्हिडिओ पुसला जाणार होता. अंगात रक्त चढत असताना मुलांना पाढे कसे शिकवावेत, हे दाखवायला वत्सलाबाईंनी आपल्या या विद्यार्थ्याचा व्हिडिओ रुग्णालयांतल्या शिक्षकांच्या सामायिक साठ्यात ठेवला होता. आता घरी कुणीच काही साठवत नसे. सगळं त्या साठ्यातच राही आणि वर्षभरात दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने ‘उपयोगी पडलं’ अशी खूण केली, तरच टिके.

त्या खुणेसाठी त्यांनी रुक्सानाला, अजून रुग्णालयात शिकवणाऱ्या जुन्या सहकारी शिक्षिकेला, फोन लावला.

“बाई, पोटात असतानाच उपचार होतात आता. थॅलेसेमियाचं मूल उरलंय कुठे?”

“माझा निहार आहे गं त्यात. ‘एकोणतीसचा पाढा म्हटला तर सुई काढाल?’ म्हणून मलाच चिडवतोय. त्याच्यामागे त्याचा आवाज उरलाय तो एवढाच.”

रुक्सानाने साठा उघडला.

“थांबा, करते खूण. कोणत्या मुलासाठी वापरलं, विचारतंय. नाव आणि आजार. काहीतरी ठोकून देऊ. माझ्या नातीचं घालते, झोयाचं.”

“नको!” वत्सलाबाई एकदम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “पोरीच्या नावापुढे तो आजार खोटासुद्धा लिहू नकोस. पुसला जाऊ दे.”