अडकलेली गोळी

युद्ध संपल्यावर शाळेच्या वर्गात बंदुका जमा करायला रांग लागली. बंदूक देईल त्याला सैनिकाचं कार्ड आणि नोकरी. माझी आघाडीवरची बंदूक कमांडरने कालच काढून घेतली होती. आज ती रांगेत माझ्यापुढे त्याच्या मेहुण्याच्या हातात दिसली. हा पठ्ठ्या युद्धभर मावशीच्या माळ्यावर लपून बसलेला. "आधी आतली गोळी काढा," कारकून म्हणाला. पठ्ठ्याने खटपट केली, पण गोळी निघेना. कमांडर माझ्यावर खेकसला, "बघतेस काय? तुझीच बंदूक ना? काढ!" दस्ता मेहुण्याच्या घामाने चिकट झालेला, मला शिसारी आली. मी एका झटक्यात बोल्टची कडी मागे ओढून गोळी टेबलावर पाडली. कारकुनाने मेहुण्याच्या कार्डावर शिक्का मारला. "आणि या ताई?" "स्वयंपाकीण होती," कमांडर म्हणाला. कारकुनाने तेच लिहिलं. वर म्हणाला, "हात सफाईदार आहे हो तुमचा! तुम्हाला शिलाई मशीन देतो."