नीट म्हणजे किती

निवृत्तीच्या दिवशी गोविंद खांडवे भूमापन कार्यालयाच्या तळघरात उतरले. तिथे त्यांचं प्रतिरूप नऊ वर्षं नकाशे पुसून पुन्हा काढत बसलं होतं. कुणी काम स्वीकारलं की त्या कामापुरतं त्याचं प्रतिरूप तयार होई, आणि काम देणाऱ्याने ‘झालं’ म्हटलं की ते विरून जाई.

“पेढे वाटून आलास वाटतं,” प्रतिरूप मान वर न करता म्हणालं. “तळेकर साहेबांना विचारलंस का? नकाशे नीट करा म्हणाले होते. नीट म्हणजे किती?”

“उद्या विचारू, उद्या विचारू करत राहिलो. गेल्या महिन्यात ते वारले.”

“मग नव्या साहेबांना म्हणू दे ‘झालं’.”

“ते म्हणाले, खांडवे, मी दिलेलंच नाही ते काम मी कसं संपवू?”

पेन्सिल थांबली. प्रतिरूपाचेही केस पिकले होते.

“काम घेतानाच विचारायला काय झालं होतं तुला?”

“साहेब घाईत होते. लाज वाटली.”

प्रतिरूपाने पेन्सिलीला टोक काढलं.

“हो रे,” ते म्हणालं, “मलाही वाटली असती.” आणि त्याने नवा कागद पुढे ओढला.