सगुणाबाईंचं ध्यान

ध्यान संपल्याची घंटा वाजली. बायकांनी डोळे उघडले, गुडघे चोळले, पदर सावरले. सगुणाबाई मात्र हलल्या नाहीत. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, डोळे मिटून तशाच बसून राहिल्या.

"लागलं," तानुबाई शेजारणीच्या कानात कुजबुजली. "सगुणाबाईचं ध्यान लागलं."

पालमच्या त्या पत्र्याच्या विहारात आजवर कोणाचं ध्यान असं लागलं नव्हतं. बहुतेकींचं दळणावर नाहीतर चुलीवर ठेवलेल्या कालवणावरच लागायचं. दोघी-तिघींनी हात जोडले. तानुबाईने तर पुढे सरकून म्हातारीच्या पायांना हात लावला. विहार समितीचे तात्याराव गुरुजी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्याचे कागद हातात घेऊन आत आले होते, ते जागच्या जागी थांबले. कोणी खोकलंसुद्धा नाही.

सगुणाबाईंची सून धुरपता दाराशी बसली होती. सासूचा मान होतोय म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं. मग तिला सासूच्या कपाळावरचा घाम दिसला. पाऊस पडून गेलेला, दारातून गार वारं येतंय, आणि म्हातारीची चोळी घामाने भिजलेली.

वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तीन महिन्यांसाठी सगुणाबाईंनी अष्टशील धरलं होतं, रोजच्या पाच शीलांवर आणखी तीन. त्यातलं एक म्हणजे दुपारचे बारा वाजले की अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आज नववा दिवस. त्यांना साखरेचा आजार होता, आणि परभणीच्या डॉक्टरांनी रोज संध्याकाळी जेवणावर एक गोळी सांगितली होती. सगुणाबाईंचा हिशोब सरळ होता, जेवण नाही तर गोळीही नाही. आज धुणं काढताना धुरपताला त्यांच्या लुगड्याच्या गाठीत आठ गोळ्या सापडल्या, आणि तिचं डोकं फिरलं. एक दिवससुद्धा चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पाच वाजता ती सासूच्या समोर उभी राहिली आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायला लावूनच हलली. उपासाचं डॉक्टरांना कोणी सांगितलं नव्हतं आणि गोळीचं विहारात कोणाला ठाऊक नव्हतं.

"आत्या," म्हणत ती पुढे झाली.

"धुरपताबाई, हात लावू नका," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "ध्यान मोडंल. अशी घडी पुन्ना येत न्हाई."

धुरपता थबकली. खरंच ध्यान असेल तर? म्हातारी कुठेतरी पोचत होती आणि सुनेने तिला मागे ओढलं, हा ठपका मरेपर्यंत पुरला असता. तिने पुन्हा एकदा त्या घामाकडे पाहिलं.

"मोडू द्या," ती म्हणाली आणि सासूचा खांदा धरला.

सगुणाबाई अर्धं पोतं कलंडावं तशा तिच्या मांडीवर कलंडल्या. पावसाळ्याचे तीन महिने मुक्कामाला आलेले म्हातारे भंते आसनावरून उठून जवळ आले. त्यांनी वाकून चेहरा न्याहाळला.

"सांजच्याला काई खाल्लं का यायनी?"

"न्हाई," धुरपता म्हणाली. "आन् साखरेची गोळी मीच दिली. माज्या हातानं."

भंतेंनी मान हलवली. झोळीतून एक पत्र्याची डबी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. आत गुळाचा चुरा होता.

"गालाच्या आतून चोळा. हळूहळू. उपाशीपोटी गोळी साखर लय खाली वडती."

धुरपता चोळत राहिली. चिमूटभर, पुन्हा चिमूटभर. विहारात पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने म्हातारीची जीभ हलली, ओठांवरून फिरली. मग डोळे उघडले. धुरपताला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला रडू फुटलं.

"ग्वाड लागायलंय," सगुणाबाई पुटपुटल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "गूळ चारलास? बारा कवाच वाजून गेले की गं. नेम मोडलास माजा."

"आजाऱ्याच्या गुळाला घड्याळ न्हाई, माय," भंते म्हणाले. "तथागतांनी भिक्खूला बी तेवढी मोकळीक दिलीय. मलाबी साखर हाय, म्हून तर डबी बाळगतो. एकदा अशीच बसल्या जागी सुद ग्येली, तर ध्यान लागलं म्हून लोकांनी हार घातला मला."

बायका हसल्या. गुरुजींनी मोर्च्याचे कागद उगीचच सारखे केले.

"उद्यापासून सांजची भाकर खायची आन् मग गोळी," भंते म्हणाले. "शीलं पाचच पाळा. त्यालाच जलम पुरत न्हाई."

सगुणाबाईंनी समोरच्या मूर्तीकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "पाच तर पाच."

तानुबाईचं मात्र समाधान झालं नव्हतं. मघाशी पायांना हात लावून बसली होती ती. जवळ सरकून तिने हळूच विचारलं, "पर माय, डोळे मिटल्यावर काईतरी दिसलंच आसंल की?"

सगुणाबाईंनी जरा विचार केला.

"खोटं बोलायचं न्हाई, शील घेतलंय," त्या म्हणाल्या. "भाकर दिसायली व्हती. तव्यावर टम्म फुगलेली."

"आन्?"

"आन् तव्यापाशी ही बसली व्हती."

धुरपता खाली मान घालून डबीचं झाकण लावत होती. बोटं गुळाने चिकट झालेली, ते काही केल्या लागेना.