तेरच्या मातीचा प्लग

"दुसरा गिअर, बलभीममामा, दुसरा!" शिवशरण ओरडला.

"हा घाट म्या झोपेत चढतो, साहेब," स्टिअरिंगवर ओणवा झालेला ड्रायव्हर बलभीम म्हणाला.

"म्हणून तर भ्या वाटतंय," मागच्या बाकावरून मालक गुरुसिद्धप्पा म्हणाले, आणि सगळी मोटर हसली.

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली ती मोटर यात्रेकरूंनी खच्चून भरली होती. गुरुसिद्धप्पा एरवी स्वतःच्या मोटरीत बसत नसत. आज बसले होते, कारण इंजिनाच्या चार प्लगांपैकी एक शिवशरणनं बनवलेला होता.

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी बोटभर वस्तू. तिचं चिनी मातीचं कवच तडकलं की वीज भलतीकडे पळते आणि ठिणगी पडत नाही. लढाई सुरू झाल्यापासून विलायती प्लग मिळेनासे झाले होते. त्यात गुरुसिद्धप्पांच्या मोटरीचे प्लग या घाटापायी सारखे तडकत. घाटातला ताप त्यांना सोसत नाही, असं सगळेच म्हणत. शिवशरणलाही ते पटलं होतं. हैदराबादहून नुकताच बीएस्सी होऊन आलेला तो. ताप आणि तडा यांचं नातं त्याला लगेच दिसलं. त्यानं तेरला, आपल्याच गावच्या ओढ्यात, पांढरी माती शोधली. तिच्यात गारगोटीची पूड मिसळली. भट्टीत वितळून सगळं घट्ट धरून ठेवणारा फेल्स्पार नावाचा दगड कुटून घातला. हैदराबादच्या एका कारखान्यात हातापाया पडून ते कवच भाजून आणलं. टिचकी मारली तर ते काशाच्या वाटीसारखं वाजलं होतं.

वडिलांना ते वाजणं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तहसील कचेरीत त्याच्यासाठी अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा धरून ठेवली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. भट्टीला जागा द्या म्हणून शिवशरणनं गुरुसिद्धप्पांचे पाय धरले, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तुमचा प्लग माझ्या विलायती प्लगाच्या तोडीचा ठरला, तर भट्टीसाठी माझी गुळाची वखार तुमची. न्हाय ठरला, तर कचेरीत जावा आणि माझ्या अर्जावर जरा लवकर शिक्का मारा."

वळण आलं. मोटरीचं वजन मागच्या चाकांवर रेललं आणि पुढचं तोंड हलकं होऊन डुलू लागलं. शिवशरणला मात्र फक्त आवाज ऐकू येत होता. चार ठोके. पुन्हा चार. एकही गळत नव्हता. पुढच्या चढाला इंजिन घरघरलं, आणि मग पुन्हा तेच: चार, चार, चार. त्याला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"अजून जिता हाय का हो तुमचा मातीचा गडी?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"पळतोय, अप्पा! विलायत्यांच्या बरोबरीनं पळतोय!"

आणि मोटर माथ्यावर पोचली. यात्रेकरूंनी एकच उदोकार केला. शिवशरणनं दार उघडायची वाट न पाहता बाहेर उडी घेतली. बलभीमनं इंजिन चालूच ठेवलं, रेडिएटरची वाफ निघावी म्हणून बोनेट उघडून वर केलं. खाली चारही प्लग ओळीनं उभे, तापून लाल व्हायचे तेवढे राहिलेले. चौथा शिवशरणचा, जरा पिवळसर, ओबडधोबड. इंजिन चार ठोके देत होतं.

"अप्पा, बघा! आलो की नाही माथ्यावर?"

गुरुसिद्धप्पा खाली उतरून वाकून बघू लागले. त्यांच्या शेजारून बलभीम पुढं झाला. त्यानं हात जोडले, देवीचं नाव घेतलं, दगडावर नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी मोठ्या भक्तीनं इंजिनाच्या डोक्यावर ओतलं.

चर्रर्र झालं. टक्. लगेच पुन्हा टक्.

इंजिन लंगडायला लागलं. शिवशरणच्या प्लगावर केसाएवढी काळी रेघ उमटली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"गेला," गुरुसिद्धप्पा हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "जाऊ द्या. कचेरीतबी पगार चांगला असतो."

पण टक् असे आवाज दोन झाले होते. शिवशरण आणखी वाकला. शेजारच्या विलायती प्लगावरही तशीच रेघ होती, तेवढीच लांब, आणि तिच्यावर नारळाचं पाणी अजून उकळत होतं.

"बलभीममामा," त्यानं वर न बघताच विचारलं, "हे पाणी दर खेपेला ओततोस?"

"म्हंजे काय! एवढा चढ चढून आलं बिचारं, त्याला तहान न्हाय लागत? मोटर आल्यापासनं एकबी खेप चुकली न्हाय माझी."

शिवशरण हसायलाच लागला. त्यानं आपली टोपी हवेत उडवली, ती कुणा यात्रेकरूच्या गाठोड्यावर पडली, त्याला पत्ता नव्हता. "ताप नव्हे, अप्पा! तापात तो घाटभर जळत आला, काही झालं नाही त्याला. तापल्यावर एकदम गार पाणी! दोघंही एकदमच तडकले. विलायती आणि तेरचा, एकाच पाण्यानं!"

गुरुसिद्धप्पांनी एक तडा पाहिला. दुसरा पाहिला. मग त्यांनी बलभीमच्या हातातल्या करवंटीकडे कितीतरी वेळ पाहिलं. बलभीमनं ती हळूच पाठीमागं नेली.

"बीएस्सीसाहेब," शेवटी गुरुसिद्धप्पा म्हणाले, "वखारीत भट्टी पेटवायच्या मुहूर्ताला नारळ तुमीच फोडा. ह्याच्या हातात देऊ नका."