जावयाचा थांबा

मुर्रीच्या हेमेंद्रला चुलतभाऊ धनेंद्र डोळ्यांसमोरही खपत नसे. सायकल शर्यतीत दरवर्षी पहिला हेमेंद्रच यायचा, पण तेवढ्यानं त्याचं पोट भरत नव्हतं. वाटेत कामठ्याला धनेंद्रची सासुरवाडी. तिथं सासू ओवाळायला रस्त्यावर उभी असायची, आणि हा जावई मुकाट उतरून, चहा पिऊन मागं पडायचा. यंदा त्यानं त्याच सासूपुढं तोंडावर आपटावं, एवढंच हेमेंद्रला हवं होतं.

शर्यतीच्या सकाळी सगळे स्पर्धक बूट काढून देवळात नारळ फोडायला गेले, तेव्हा तो बाहेरच रेंगाळला. बुटाच्या तळाचं क्लीट पेडलमध्ये अडकतं आणि टाच वळवली की सुटतं. पण क्लीटचे स्क्रू ढिले असले, तर टाच कितीही वळवा, पाय सुटत नाही. त्यानं धनेंद्रच्या दोन्ही बुटांचे स्क्रू ढिले करून ठेवले.

कामठ्यात तो तमाशा बघायला मुद्दाम सायकलवरून उतरून उभा राहिला. धनेंद्र आला, सासूच्या आरतीच्या ताटापाशी जरा कचरला, आणि पडायचं सोडून जोर लावत सुसाट पुढं निघून गेला. हेमेंद्रनं जीव तोडून पाठलाग केला, तरी तो हाती लागला नाही.

गोंदियात हेमेंद्र पोचला, तेव्हा पहिल्या आलेल्या धनेंद्रला चौघांनी सायकलसकट धरून ठेवलं होतं.

"काऊन बे, सासूले सोडून पळाला?" हेमेंद्र खेकसला.



"पळतो कायले? पायच निघून नाही राहिले, तं थांबू कसा?"